यादी न लावणारं कॉलेज

झाड पेटलंय! गाडीच्या काचेतून मला आधी एवढंच दिसलं. निळ्याशार आभाळाखाली गुलमोहर असा फुललाय की पान म्हणून दिसत नाही, आणि खाली लाल सडा. परतवाड्याहून अमरावतीला जाताना रस्त्याच्या कडेला दिसतो तोच गुलमोहर, तोच लाल. अर्धी पृथ्वी ओलांडून आल्यावर घरचं झाड भेटावं! मी मोठ्यानं म्हणालो, "काय वं, हे तर आपलं झाड!"

सूनबाई हसली. "मामाजी, झाड मग पाहा. आधी कॉलेज पाहा. आलं माझं कॉलेज."

"कुठी आहे?"

"हे सगळं."

मी पाहतच राहिलो. गुलमोहराच्या मागे काँक्रीटची इमारत सुरू झाली ती संपेचना. गाडी चालतेय, इमारत चालतेय. तिच्यामागे दुसरी, मग मैदान, मग भलंमोठं तळं. तळ्याच्या काठावर हिरवीगार घोरपड ऊन खात पडलेली, आमच्या रानातल्या घोरपडीला कुणी पोपटी रंग फासावा तशी. इगुआना म्हणतात तिला. तिच्यापासून चार हातांवर एक मुलगी पुस्तक वाचतेय. दोघींना एकमेकींचं काही नाही. दार उघडून उतरलो तर हवा अंगावर आली. आमचा उन्हाळा भट्टीचा, कोरडा. इथला म्हणजे पावसात भिजलेली घोंगडी कुणी अंगावर टाकावी तसा.

हे कॉलेज बघताना माझी नजर थोडी वेगळी होती. मी बत्तीस वर्षं आमच्याकडच्या एका कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीमागे बसलेला माणूस. जून आला की माझ्यापुढे रांग. टीसी, गुणपत्रिका, जातीचा दाखला, डोमिसाइल, झेरॉक्सवर सही. नोटीस बोर्डावर यादी लावायची, दुसरी यादी लावायची, मग पाच वाजता खिडकी लावायची. आमच्या गावात पोराला नाव विचारायच्या आधी विचारतात, "किती पडले?" मीही हजारदा विचारलंय. म्हणून या कॉलेजात शिरल्या शिरल्या मी शोधलं काय, तर नोटीस बोर्ड.

"यादी कुठी लागते?"

"यादी नसतेच, मामाजी. बारावी झाली की प्रवेश. संपलं."

मला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय.

अमेरिकेतल्या मायामी शहरातल्या या कॉलेजचं नाव मायामी डेड. 'डेड' ऐकून मी दचकलो होतो, पण ते मेलेलं नव्हे. डेड हे जिल्ह्याचं जुनं नाव. एकोणिसाव्या शतकात सेमिनोल या मूळ रहिवाशांशी झालेल्या लढाईत पडलेल्या एका मेजरवरून ठेवलेलं. १९५९ मध्ये कॉलेज स्थापन झालं आणि १९६० मध्ये 'डेड काउंटी ज्युनिअर कॉलेज' म्हणून सुरू झालं. ज्युनिअर कॉलेज म्हटल्यावर मला एकदम भाऊबंदकी वाटली. पण आपलं ज्युनिअर म्हणजे अकरावी-बारावी, आणि यांचं म्हणजे बारावीनंतरची दोन वर्षं. दोन वर्षांची पदवी घ्या, नोकरीला लागा, नाहीतर मोठ्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जा. इलिनॉयमधल्या जोलिएट गावी १९०१ मध्ये असं पहिलं कॉलेज निघालं. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर देशभर त्यांचं पीक आलं आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रुळलं. वस्तीचं कॉलेज! घरी राहायचं, काम करायचं आणि शिकायचं.

सुरुवात मात्र काय सांगू! पहिल्या वर्षी चौदाशेच्या आसपास पोरं, आणि वर्ग कसल्या खोल्यांत? लोक त्याला 'चिकन कूप कॉलेज' म्हणायचे. म्हणजे कोंबड्यांचं खुराडं! आमच्याकडे टिनाच्या शेडमध्ये भरलेल्या शाळा मी पाहिल्यात. पावसात गुरुजींचं तोंड हलताना दिसायचं, आवाज पत्र्याचा यायचा. त्यामुळे खुराड्याचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते सात वर्षांनंतरच्या आकड्याचं. १९६७ मध्ये तेवीस हजारांहून जास्त विद्यार्थी, आणि सगळ्या फ्लोरिडा राज्यात उच्च शिक्षणाची याहून मोठी संस्था दुसरी नाही!

ज्या जागेवर आम्ही उभे होतो तो 'नॉर्थ कॅम्पस', सर्वांत जुना. इथे आधी आरमाराचा विमानतळ होता. हे ऐकलं आणि मला परतवाडा आठवलं. आमचं गावही छावणीतूनच वाढलेलं. अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर, इमादशाहीची राजधानी, नवाबी वेशींचं शहर. त्याच्या शेजारी इंग्रजांच्या काळी हैदराबाद कंटिंजंटची पलटण पडली. पुढे छावणी उठली. पलटण गेली आणि मागे राहिला बाजार: मेळघाटातलं सागवान, आरा मशिनी, भुशाचा वास. इथेही शिपाई गेले, धावपट्टी राहिली आणि तिच्यावर कॉलेज उगवलं. कॅम्प तोही, कॅम्पस हाही.

इमारत आतून तर आणखीच गंमत. मला वाटलं होतं, काचेची बंद पेटी असेल. पण हे वाऱ्यासाठी उघडं! वर काँक्रीटचं जाडजूड छत, खाली खांबांची रांग, मधून आरपार मोकळी वाट. अहो, ही तर ओसरी! वाड्याची पडवी घ्या आणि ती अर्धा फर्लांग ओढत न्या. दुपारी तीनला आभाळ फाटलं, असा पाऊस कोसळला की समोरचं तळं दिसेना. आणि शेकडो पोरं त्या पडवीतून अंगावर थेंबही न घेता इकडून तिकडे निघालेली. हे ज्यांनी बांधलं त्या वास्तुकारांमध्ये हिलारियो कँडेला हा तरुण होता. तो हवानाचा, क्युबातल्या क्रांतीनंतर इकडे आलेला. उन्हापावसाच्या देशातला माणूस. सावली कुठे हवी हे त्याला पुस्तकातून वाचावं लागलं नसणार.

आणि कॉलेजात पहिल्या दिवसांपासून कोण होतं? क्युबातून परागंदा झालेले लोक, गावातली गोरी पोरं, आणि सात काळे विद्यार्थी. फक्त सात! पण त्या काळी फ्लोरिडात काळ्या-गोऱ्यांची कॉलेजं वेगळी असायची. या सातांमुळे काळे-गोरे एकत्र शिकणारं हे राज्यातलं पहिलं ज्युनिअर कॉलेज ठरलं. वऱ्हाडच्या माणसाला इथे अमरावतीचं अंबादेवीचं मंदिर आठवतंच. तिथेही अस्पृश्य मानलेल्यांसाठी दार उघडायला सत्याग्रह करावा लागला होता.

पुढचे दिवस मी नुसता फिरलो. आठ कॅम्पस आहेत! विद्यार्थी लाखाच्या वर! लाख म्हणजे किती हे मी माझ्या पद्धतीने मोजलं. २०११ च्या जनगणनेत अचलपूर-परतवाडा जुळ्या शहराची लोकसंख्या एक लाख बारा हजार भरली. म्हणजे आमच्या गावातलं तान्हं पोर, पानठेलेवाला, मिलमधून घरी बसलेला म्हातारा, संत्र्याचा व्यापारी, सगळ्यांनी एकाच दिवशी कॉलेजात नाव घातलं, तर जेमतेम हे होईल.

शिकवतात तरी काय? ते विचारूच नका. इंग्रजी, गणित, इतिहास तर आहेच. पण इकडे पोलीस तयार होतात, तिकडे आग विझवणारे. कुठे विमान वाहतुकीचं शिक्षण, कुठे स्वयंपाकाचं. आणि एका यादीत मी वाचलं, अंत्यविधीची व्यवस्था. मी चष्मा पुसून परत वाचलं. मयतीचा कोर्स! आमच्याकडे गल्लीतले चार जाणते ताटी बांधतात, ते कुठल्या वर्गात शिकले? पण मग वाटलं, काम आहे ना जगात? मग शिकवायला लाज कशाची?

एक दिवस शहराच्या मधोमध गेलो. तिथे आकाशात उंच पुलावरून एक चिमुकली गाडी फिरते. तिला ड्रायव्हर नाही, तिकीट नाही! फुकट! माझी शकुंतला आठवली. अचलपूर ते मूर्तिजापूर शहात्तर किलोमीटर, चार तास, मधे कुणी हात केला तर थांबणारी अरुंद रुळांची गाडी. आता तीही बंद पडली. इथे गाडी थांबते त्या एका स्टेशनाच्या नावातच 'कॉलेज'. खाली उतरलं की उंच इमारतींच्या गर्दीत वुल्फसन कॅम्पस. १९७० मध्ये हा भाड्याच्या जागांत सुरू झाला. याला कुंपण नाही, फाटक नाही. बँकेच्या शेजारी वर्ग, कोर्टाच्या शेजारी वर्ग. दर नोव्हेंबरात याच रस्त्यांवर पुस्तकांची जत्रा भरते, १९८४ पासून. बहिरमच्या यात्रेत हंडीतलं मटण आणि रोडगे खायला माणसं लोटतात, तसे लोक पुस्तकांसाठी लोटतात म्हणे. तिथे रोडगे मिळतात का, एवढं मी विचारून घेतलं.

वुल्फसनच्या जवळच फ्रीडम टॉवर. फिकट पिवळा, वर निमुळता होत गेलेला, स्पेनमधल्या सेव्हिल शहराच्या मनोऱ्यावरून बेतलेला. संध्याकाळी त्याच्यावर उजेड पडला तेव्हा मला अचलपूरचा हौज कटोरा आठवला: तलावात एकटा उभा असलेला, बुडणार नाही असं ठरवून बसलेला. टॉवर १९२५ मध्ये एका वर्तमानपत्रासाठी बांधला. पण लोकांना तो माहीत आहे तो १९६२ ते १९७४ या वर्षांसाठी. क्युबातून पळून आलेली माणसं हातात एक पेटी घेऊन इथे यायची. कागद इथे, औषध इथे, खायला इथे. 'एल रेफुहियो' म्हणायचे, म्हणजे आसरा. २००५ पासून हा आसरा कॉलेजच्या ताब्यात आहे.

त्या काळात आलेल्या पोरांमध्ये एक होता एदुआर्दो पॅड्रॉन. १९६१, वय पंधरा, सोबत धाकटा भाऊ, आईवडील मागे क्युबातच. त्या सुमारास दोन वर्षांत अशी चौदा हजारांवर पोरं एकटी पाठवली गेली. तो याच कॉलेजात शिकला, पुढे अर्थशास्त्रात डॉक्टरेट केली आणि परत इथेच शिकवायला आला. १९९५ ते २०१९ या काळात तो या सगळ्या पसाऱ्याचा अध्यक्ष होता. २०१६ मध्ये त्याला अमेरिकेचं सर्वोच्च नागरी पदक मिळालं. लिटल हवाना भागातल्या कॅम्पसला आता त्याचं नाव आहे.

त्या भागात मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा फक्त कॉफीसाठी, खोटं कशाला बोलू! रस्त्यावर खिडकी, खिडकीत बाई, आणि तिने दिला अंगठ्याएवढा कप. मी म्हटलं, ही काय चव बघायला दिली? घोट घेतला आणि कानातून वाफ निघाली! काळीकुट्ट, साखरेचा पाक, वर फेस. आपली कटिंग तिच्यापुढे गरीब गाय. बाजूच्या बागेत टोप्या घातलेले म्हातारे डॉमिनोच्या फरशा आपटतायत, भांडतायत, हसतायत. आमच्या पारावरची मंडळी फक्त कपडे बदलून बसलीत. आणि त्याच भागात कॉलेज. ज्याला इंग्रजीचा एक शब्द येत नाही त्याच्यासाठीही वर्ग.

मग माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. मी मोजत होतो इमारती. मोजायला हवं होतं अंतर. दोराल भागात व्हेनेझुएलाची माणसं इतकी वाढली की लोक गमतीने त्याला 'दोरालझुएला' म्हणतात. तिथे २००६ मध्ये कॅम्पस. हायलीया हे बहुतांश क्युबन गाव, तिथे कॅम्पस. लिबर्टी सिटी या काळ्या वस्तीत छोट्या धंद्यांचं शिक्षण देणारं केंद्र, त्याला कॅरी मीक यांचं नाव. मीकबाई म्हणजे गुलामांची नात. इथल्या प्राध्यापक, आणि पुढे १९९३ ते २००३ अमेरिकेच्या संसदेत. इस्पितळांच्या भागात १९७७ पासून मेडिकल कॅम्पस. माणसं या कॉलेजकडे गेली त्याहून जास्त हे कॉलेज माणसांकडे चालत गेलंय. वस्ती हलली की कॉलेज मागोमाग.

दक्षिणेला होमस्टेड. शहर संपलं आणि शेती लागली! काळी नव्हे, पांढुरकी, खडकाळ जमीन. पण बागा कसल्या! आंबे लगडलेले, लालबुंद गालांचे. आणि ऐका, यांचा प्रसिद्ध हेडन आंबा कुणाचा वंशज? १८८९ मध्ये हिंदुस्थानातून आलेल्या मुलगोबाचा! पासपोर्टवर आमच्या आधी शिक्का मारून घेतला त्याने. संत्र्याची मात्र मी चौकशी केली, वऱ्हाडी माणूस ना. फ्लोरिडाचं संत्रं म्हणजे आपल्या मोसंबीच्या जातीचं, रसाचं; आपलं हलक्या सालीचं, फोडीफोडीने खायचं. पण दुखणं दोघांनाही. आमच्या बागांत डिंक्याने झाडं वाळतात. इथे २००५ मध्ये याच जिल्ह्यात 'ग्रीनिंग' नावाचा रोग सापडला आणि राज्यातल्या बागाच्या बागा बसल्या. इथल्या एखाद्या बागाईतदाराशी मला बोलता आलं नाही, पण बोललो असतो तर दोघांना दुभाष्या लागला नसता.

इथला कॅम्पस १९९० चा. दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९९२ मध्ये, अँड्र्यू नावाचं चक्रीवादळ आलं आणि होमस्टेड गाव भुईसपाट झालं. कॉलेज मात्र गाव सोडून गेलं नाही. आज तिथे गवत कापलेलं, भिंती रंगवलेल्या, पोरं खिदळतायत.

सूनबाई जाते मेडिकल कॅम्पसला, नर्सिंगच्या आधीचे विषय करायला. अमरावतीची बी.एस्सी., मग लग्न, मग दोन लेकरं, मग दहा वर्षं घरात. ती सांगते, "मामाजी, माझ्या बाकावर हैतीची आजी आहे, नातवाला सोडून वर्गात येते. मागे व्हेनेझुएलातला दातांचा डॉक्टर, पुन्हा पहिल्यापासून शिकतोय. आणि पुढे सोळा वर्षांचा पोरगा, शाळेत असतानाच कॉलेजचे विषय करणारा." मी विचारलं, "सगळे पास होतात?" ती म्हणाली, "नाही ना. पुष्कळजण मधेच सोडतात. कामाची पाळी बदलते, पोर आजारी पडतं. फी पण आहेच. पण सोडलेला परत आला तर कुणी तोंड वाकडं करत नाही."

त्या रात्री झोप येईना. जागेपणी मला भाऊसाहेब आठवले, डॉ. पंजाबराव देशमुख. पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन परत येतो, अमरावतीत सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत बसवणारं श्रद्धानंद छात्रालय काढतो आणि १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी करतो. तिच्या शाळा-कॉलेजांची पाळंमुळं वऱ्हाडभर गेली. तालुक्याच्या गावी, शेतकऱ्याच्या बांधाजवळ. शिक्षणाने माणसाकडे चालत जायचं, हे तर आमच्या अंगणात घडलं होतं. मायामीत खुराड्यातले वर्ग भरले त्याच्या अठ्ठावीस वर्षं आधी.

आणि मग आठवली ती मुलगी. नाव आता आठवत नाही. कोरकूंची, धारणीकडची. जुलैचे दिवस, मेळघाटात पाऊस लागलेला, सिपना दुथडी भरलेली, सेमाडोहजवळ गाड्या अडकलेल्या. ती दोन दिवस उशिरा पोचली. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवीही ओली. मी तारीख पाहिली. म्हटलं, "मुदत संपली, बाई." नियम माझा नव्हता, पण खिडकी मीच लावली. भाऊसाहेबांनी दार गावापर्यंत आणून ठेवलं होतं. त्याची कडी माझ्या हातात होती.

परत यायच्या आदल्या संध्याकाळी सूनबाईला घ्यायला मेडिकल कॅम्पसला गेलो. आठ वाजून गेले होते. आमच्याकडे या वेळी कॉलेजात कुत्रं नसतं. इथे? गाड्यांची रांग! कुणी गणवेशातच इस्पितळातून आलेलं, कुणी हॉटेलचा एप्रन काढत धावतंय, एक बाई कडेवरचं पोर नवऱ्याच्या हातात देऊन वर्गात शिरतेय. प्रत्येक मजल्यावर दिवे. रातराणी फुलावी तसं कॉलेज रात्री फुललंय.

वाट पाहत मी एका काउंटरजवळ उभा राहिलो. सवयच ती, कॉलेजात मला उभं राहायला तीच जागा ठाऊक. फक्त आयुष्यात पहिल्यांदा खिडकीच्या बाहेरच्या बाजूला. पलीकडे चष्मा नाकावर घेतलेली, केस पांढरे झालेली बाई. तिने वर पाहिलं, आधी स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं, मग इंग्रजीत. नवीन प्रवेश का?

मी! सदुसष्ट वर्षांचा, पायात परतवाड्याची चप्पल, पेन्शनर! मी हसणार होतो. पण ती हसत नव्हती. तिने एक पुस्तिका माझ्यापुढे सरकवली. मी वाट पाहत होतो तिच्या पुढच्या प्रश्नाची. किती पडले, कधीचे पास, गॅप सर्टिफिकेट कुठाय, मुदत संपली. मला सगळे प्रश्न पाठ होते, बत्तीस वर्षांचे.

तिने पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "तुम्हाला किती वाजता येणं जमेल?"